गेनबाचा शिणेमा

कळस गावच्या जत्रेत माणसं कोरं धोतर बघायला बसायची, असं मी पाहुण्यांना सांगितलं की ते आधी हसतात आणि मग माझ्याकडं जरा काळजीनं बघतात. पण बसायची, हे खरं. दुपारी कुस्त्यांचा फड उठला आणि तमाशाला अजून वेळ असला की देवळामागच्या चिंचेखाली दोन बांबू रोवले जायचे. त्यांच्यामध्ये धुतलेलं पांढरं धोतर ताणून बांधायचं आणि शेजारी हातात काठी घेऊन निवृत्तीतात्या उभे राहायचे. धोतरावर काही म्हणजे काही नसायचं. तात्या काठीनं डावा कोपरा दाखवून म्हणायचे, "ह्यो बघा टांगा आला. घोडं पांढरंफेक हाय, आन हाकणारा भिवा." लगेच सगळी मुंडकी डावीकडं वळायची.

माझंही वळायचं. इंदापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. चौकटीत काय आहे आणि काय नाही हे ओळखण्यावर माझं पोट चालतं. तरी मला ते घोडं दिसायचं. माझी मुलगी मृणाल लहानपणी छातीठोकपणे सांगायची की त्याचा एक कान काळा आहे. तात्यांनी कानाचं नावही कधी काढलं नव्हतं.

ही सगळी करामत तात्यांच्या वडिलांची, गेनबाआबांची. सिनेमा मुका होता त्या काळात तंबूत पडद्याशेजारी एक बोलणारा माणूस उभा असे. मधे मधे इंग्रजी आणि गुजराती अक्षरांच्या पाट्या यायच्या, त्या कुणाला वाचता येणार? मग कोण कुणाचा मुलगा, कोण कुणावर टपलाय, हे त्या माणसानं ओरडून सांगायचं. गेनबा तसे बोलणारे. पुढं शहरात बोलपट आले तेव्हा मालकानं हातानं फिरवायचं यंत्र मोडीत काढलं. ते गेनबांनी घेतलं आणि सगळ्या सिनेमांतला एकच उचलला, खुनाचा. सुप्यापासून इंदापुरापर्यंत बैलगाडीनं जत्रा करत त्यांनी तो एकच सिनेमा बरीच वर्षं दाखवला. एका जत्रेत तंबूला आग लागली आणि यंत्रासकट सगळं जळून गेलं. तात्या तेव्हा पाळण्यात होते.

म्हणजे तात्यांनी तो सिनेमा कधीच पाहिलेला नव्हता. त्यांनी ऐकला होता. संध्याकाळी ओसरीवर चऱ्हाट वळताना आबा तो पहिल्यापासून सांगत, समोर बसलेल्या निवृत्तीला हात करून करून दाखवत. कधीतरी तो शब्दन् शब्द तात्यांच्या तोंडात येऊन बसला आणि आबांच्या माघारी धोतराशेजारी तात्या उभे राहिले.

गोष्ट सरळ होती. शेठचा खून होतो. टांगेवाल्या भिवावर आळ येतो, कारण त्या दिवशी वाड्यात तोच आला-गेलेला. भिवा पळतो, पुलावर टांग्याचं चाक निखळतं, शिपाई त्याला धरतात. खरा खुनी शेठचा पुतण्या, त्याचा हातमोजा विहिरीत सापडतो. इथवर आलं की तात्या काठी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "हितं आबा दिवा लावायचा. यंत्राला दम लागायचा." तिथून पुढं धोतराकडं पाठ करून, माणसांकडं बघत सांगायचे. न्यायाधीश भिवाला सोडतो. भिवा चालत घरी येतो. आई दारातच बसलेली असते. ती काही विचारत नाही, उठते आणि त्याच्या पायावर पाणी घालते. संपलं.

आता गंमत अशी, की कळसमध्ये कुणी थाप मारली तर म्हणतात, "गेनबाचा शिणेमा लावू नगंस." सिनेमा पाहिलेली पिढी सरत आली होती; असा सिनेमाच नव्हता, तंबू जळाल्यावर गेनबानं पोटासाठी गोष्ट रचली, असं बऱ्याच जणांचं मत. त्यांचे म्होरके सर्जेराव, तात्यांचे बालमित्र. दर जत्रेला पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकायचे आणि उठताना म्हणायचे, "झ्याक थाप हाय गड्या." तात्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. एरवी कशाचं वाईट न वाटून घेणारा हा माणूस. पण आबा खोटारडा नव्हता हे एकदा गावाला दिसावं, एवढी एकच गोष्ट त्यांच्या जिवाला लागून राहिली होती. माझ्या दुकानात येऊन खुर्चीवर टेकले की पहिला प्रश्न तोच असायचा: "फोटोवाले, त्यो शिणेमा कुठं घावला का?" जसा काही मी तो फडताळात ठेवून विसरलो होतो.

दुकानात ते रोज यायचे, कारण समोरच्या डाळिंब बाजारात लिलाव पुकारायचं काम त्यांच्याकडं होतं. आवाज असा की भोंग्याची गरज नाही. क्रेटच्या थप्पीवर पाय ठेवून ते डाळिंबाचीही गोष्ट करायचे: "ह्ये बघा, पोरीगत सांभाळल्यालं फळ हाय, बापाच्या तोंडाकडं बघून बोला." व्यापारी हसायचे आणि वर बोली द्यायचे. अशा माणसाचा फोटो काढणं म्हणजे माझी सत्त्वपरीक्षा. बँकेला फोटो हवा असायचा आणि यांचं तोंड उघडं.

"तात्या, तोंड मिटा."

"मिटलंय की."

"मग बोलताय कसं?"

शेवटी मी हात टेकले. तात्या जाऊन आता दोन पावसाळे झाले. हार घातलेल्या फोटोतही तोंड अर्धं उघडंच आहे. त्यांच्या पत्नी शेवंताकाकू म्हणतात, "भितीवर गेलं तरी बोलायचं राहिलंयच."

काकूंनी या बोलण्याचा जाच सगळ्यात जास्त सोसला. घरात टीव्ही आला तेव्हा तात्यांनी पहिलं काम काय केलं, तर आवाज बंद केला. "मी सांगतो की, कशाला त्यास्नी वरडाय लावता?" मालिकेत सासू डोळे वटारून दुधात काहीतरी कालवत असली की तात्या सांगायचे, सून आजारी आहे, सासू औषध देतेय, पोरीला कडू लागू नये म्हणून गुपचूप देतेय. कळसच्या निम्म्या बायका त्यांच्या ओसरीवर ही दुसरीच मालिका बघायला जमायच्या. काकू मला म्हणाल्या होत्या, "समद्या जगातल्या सासवा वंगाळ, आमच्या घरातल्या टीव्हीत तेवढ्या देवमाणूस."

यावरून ते भाबडे होते असं कुणी समजू नये. बाजारात एकदा सुप्याच्या एका व्यापाऱ्याचा मोबाइल गेला. पोपट नावाचा हमाल जवळ उभा होता, त्याला लोकांनी धरला. दोघातिघांचे हात उठलेही होते. तात्या क्रेटवर चढले.

"थांबा. ज्याच्यावर पयला आळ येतो त्यो चोर नसतो. त्यो निस्ता जवळ उबा असतो."

आणि सुरू झालं. शेठचा खून, भिवा, पूल, निखळलेलं चाक. चिडलेली माणसं आधी वैतागली, मग ऐकायला लागली. कुणीतरी चहा सांगितला. पोपटालाही दिला. हातमोजा विहिरीत सापडायच्या बेताला आला आणि पोपटाच्या पैरणीत मोबाइल वाजला.

सगळा बाजार हसून लोळायचा बाकी राहिला. पोपटानं मान खाली घालून मोबाइल दिला. राग केव्हाच निवला होता. त्याला कुणी बोटही लावलं नाही. मी तात्यांना म्हटलं, "तुमचा भिवा चोर निघाला की हो."

"निगू दे," तात्या म्हणाले. "चा पिऊस्तवर तर साव हुता? तेवढ्यात मार चुकला त्याचा."

मृणाल मोठी झाली आणि जुन्या फिल्मा धुऊनपुसून संगणकावर उतरवण्याचं काम शिकली. पुण्यात असते. एक दिवस तिचा फोन आला.

"बाबा, भिवा सापडला."

कुणाच्या तरी लोखंडी पेटीतून डबे आले होते, गेनबांच्या जळालेल्या सिनेमाचीच दुसरी प्रत. सुरुवातीचा भाग गळून गेलेला, नाव-गाव काही नाही. तिनं पहिला डबा उतरवला, पांढरं घोडं दिसलं, आणि ती खुर्चीवरून उठलीच. पूल होता, चाक होतं, विहीर होती. मी पहिलं काय विचारलं असेल, तर कानाचं.

"दोन्ही पांढरे आहेत," ती जरा खट्टू होऊन म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण बाबा, शेवट तसा नाहीये."

सिनेमात खून टांगेवाल्यानंच केलेला असतो. हातमोजा त्यानंच पुतण्याच्या खोलीतून चोरून विहिरीत टाकलेला असतो. तो कबुली देतो आणि त्याला फाशी होते.

मी दुसऱ्याच दिवशी कळसला गेलो. सिनेमा मिळाल्याचं ऐकून तात्या उठून उभे राहिले, परत बसले, काकूंना हाक मारली, त्या आल्यावर काय सांगायचं ते सुचेना. त्या माणसाला शब्द सुचत नाहीत हे मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटाचं सांगायला मला जिवावर आलं, पण सांगितलं.

"पुलावर चाक निखळतं का?" तात्यांनी विचारलं.

"निखळतं."

"हिरीत हातमोजा घावतो का?"

"सापडतो."

"मग शेवट बी त्योच. तुमची पोरगी मधीच उठली आसंल."

"तात्या, टांगेवाल्याला फाशी देतात त्यात. तुम्ही पुण्याला चला, नाहीतर मी इथं दाखवतो. आधी बघून घ्या."

"न्हाय बघायचं." आता आवाज चढला. "आबा खोटं सांगनार न्हाय. जत्रंत लावा. समद्या गावाला बघू द्या, त्या सर्जालाबी."

काकूंनी मला डोळ्यानं खुणावलं, राहू द्या. मी राहू दिलं.

जत्रेच्या दिवशी अंधार पडल्या पडल्या चिंचेखाली बसायला जागा उरली नाही. मृणालनं पडदा आणला होता, पण तात्यांनी तो बाजूला ठेवायला लावला; धोतरच हवं म्हणाले. पुढं गोधडीवर कोंडाबाई बसल्या होत्या, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, आणि त्यांच्या अंगाला टेकून त्यांची पणती, इंग्रजी शाळेत जाणारी. सर्जेराव त्यांच्या जागेवर.

"ह्यो बघा टांगा आला," तात्यांनी डावा कोपरा दाखवला आणि टांगा उजवीकडून आला. माणसं हसली. तात्याही हसले. "आबा म्होरं बसून हात करायचा, म्हून उलटं झालं." पण पुढं सगळं बरोबर उतरत गेलं. तात्यांनी म्हणावं, आता शेठ खिडकी लावील, आणि शेठनं लावावी. म्हणावं, आता चाक जाईल, आणि जावं. धोतर वाऱ्यानं हलायचं तसा पूलही हलायचा. चाक निखळलं तेव्हा सर्जेराव उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "निवृत्ती, हरलो गड्या मी. गेनबाआबा खरा हुता." टाळ्या पडल्या. तात्यांचा चेहरा मी पाहिला. त्या चेहऱ्याचा फोटो काढायचं मला भान राहिलं नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

हातमोजा सापडला आणि एक पाटी आली. पणतीनं मोठ्यानं वाचली. "तात्या, याचं नाव भिवा नाहीये. रामलाल लिहिलंय."

"आबानं आपल्यातलं नाव दिलं, बाळा."

लगेच दुसरी पाटी आली. पोरीनं ती आधी मनात वाचली, मग मराठीत सांगितली. "मीच मारलं शेठला, असं म्हणतोय तो."

धोतरावर टांगेवाला गजाआड बसून सरळ आमच्याकडं बघत होता. सर्जेरावांच्या तोंडून निघून गेलं, "म्हंजे शेवटाची थापच की." चिडवायला नाही, त्यांनाच वाईट वाटलेलं होतं.

तात्या त्या चेहऱ्याकडं बघत उभे होते. काठी उचललेली तशीच. मग मृणालकडं न बघता म्हणाले, "थांबव, बाळ. दिवा लावा."

दिवा लागला. धोतर पुन्हा कोरं झालं. मला वाटलं आता तात्या घरी निघून जातील. मी पुढंही झालो होतो. तेवढ्यात कोंडाबाई बोलल्या.

"निवृत्ती, गेनबा बी हितंच थांबवायचा. यंतराला दम लागला म्हनायचा. कसला दम? म्होरची पट्टी डब्यात असायची, आमा पोरास्नी ठावं हुतं." त्यांनी गोधडीवर हात आपटला. "तुजी आजी, गेनबाची आई, बसायची म्होरं. आशी, माज्या आईला खेटून."

तात्यांनी एकदा कोऱ्या धोतराकडं पाहिलं. मग लिलावाच्या आवाजात नाही, घरात बोलतात तसं बोलले.

"भिवा माजा चुलता. आबाचा थोरला भाऊ. एका सावकाराचा टांगा हाकायचा. सावकाराला कुनी मारलं आन भिवाला धरून न्हेला. तुरुंगातच वारला. त्यानं केलं का न्हाय केलं, कुनाला ठावं न्हाय. आबाला बी ठावं नव्हतं." थांबून त्यांनी डोळे पुसले. "घरात त्याचं नाव निघायचं न्हाय. मला वाटायचं, आबानं सोपं म्हून ते नाव घातलं. जलमभर मी सांगत आलो भिवा सुटला म्हून, आन कुनाचा भिवा ते मला आज कळलं. आजी म्होरं बसल्याली. आबा कसा सांगंल तिला?"

मागून एक पोरगा म्हणाला, "तात्या, पर शेवट दावा की. आमी मोबाइलवर रोज खून बघतो."

"बघ की. ह्या मृणालपाशी हाय, मागनं बघ. आज न्हाय."

"सांग, निवृत्ती," सर्जेराव म्हणाले. "भिवाला हितंच बसवून ठिवतो का?"

तात्यांनी काठी खाली ठेवली, धोतराकडं पाठ केली आणि सांगितलं. न्यायाधीशानं सोडलं, भिवा चालत निघाला. या वेळी वाट लांबली. आधी कधी नव्हती ती गावं त्या वाटेवर आली. सुपे आलं, बारामती आली, तहान लागली, कुणीतरी पाणी दिलं. सगळ्यांना ठाऊक होतं की तो सुटला नव्हता, सिनेमातलाही आणि खराही. तरी आई उठून त्याच्या पायावर पाणी घालू लागली तेव्हा कोंडाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी सरळ रडलो. मृणालनं संगणक मिटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तोच तात्या एसटीतून उतरून आले. मृणाल होतीच.

"ते राहिल्यालं दाव मला," म्हणाले.

तिनं लावलं. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कबुली, कोर्ट, पहाट, दोर. शेवटच्या पट्टीत टांगेवाल्याची म्हातारी आईही होती, तुरुंगाच्या दाराशी, हे मृणालनं मला सांगितलेलं नव्हतं. तात्यांचं तोंड मिटलेलं होतं. संपल्यावर मृणालनं विचारलं, "पुन्हा लावू?"

"नगं." टोपी घातली. "आबाला ह्ये समदं पाठ हुतं बघ. डोळ्यात ह्ये, आन तोंडात दुसरं. दर जत्रंला." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्यातलं कापू नगंस काय. आबानं बी कापलं न्हवतं. सांबाळून ठिवलं आन लावलं न्हाय."

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला निघालो तर नको म्हणाले. पुढच्या जत्रेआधीच ते गेले, झोपेत, त्यामुळं मला शेवटचे दिसले ते त्या सकाळचे. दुकानाच्या पायरीवरून स्टँडवरचा बाक दिसतो. तात्यांच्या शेजारी एक अनोळखी बाई गाठोडं घेऊन बसली होती. तिनं बहुतेक गाडीचं विचारलं असावं. तात्यांनी काहीतरी सांगितलं, मग आणखी काही सांगितलं, आणि हात वर करून उजवीकडं दाखवलं. या वेळी बरोबर उजवीकडं. बाई तिकडं बघायला लागली.

कळसची गाडी आली. कंडक्टर ओळखीचा, त्यानं हाक मारली, दोनदा बेल मारली. तात्यांनी हातानंच त्याला जा म्हणून सांगितलं. भिवा अजून घरी पोचायचा होता.